चौथीपर्यंत मराठी, दहावीला इंग्रजी: व्याकरण आणि उच्चारांचा सराव कसा करून घ्यावा?

रातांबा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज गरज पडली म्हणून लिहितो.

आम्ही डिचोली तालुक्यातले. घरात कोंकणी बोलतो. पेपर, आरत्या, भजनं, लग्नपत्रिका सगळं मराठी. लेक गावच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकली. पाचवीत हायस्कुलात गेली आणि एका जूनमध्ये गणित, विज्ञान, इतिहास सगळंच इंग्रजीत झालं. गोव्यात हे नवीन नाही, आमच्या पिढीचंही तेच झालं होतं. ती हुशार आहे, गणितात मागे नाही. आता दहावीत आहे आणि गाडी इंग्रजीच्या पेपरात अडते.

परवा चाचणीचा पेपर घरी आणला. दिलेलं बोलणं 'रिपोर्टेड स्पीच'मध्ये फिरवायचं होतं. तिनं लिहिलं होतं, "ही सेड दॅट आय विल नॉट कम." लाल फुली. मी म्हटलं, अगं चुकलंय. तर ती म्हणते, "तो म्हणाला की मी येणार नाही. बरोबरच आहे ना, बाबा?" मी पेपर हातात धरून गप्प बसलो. चूक आहे हे कळत होतं, का ते सांगता येईना.

दुसरं दुखणं तोंडी परीक्षेचं. वाचताना 'वॉक-एड', 'वॉश-एड', 'हेल्प-एड' असं म्हणते. मागच्या वेळी वर्गात दोनतीन जण हसले, तेव्हापासून मोठ्यानं वाचायलाच तयार नाही.

परीक्षेला पाच महिने आहेत. मार्गदर्शिका दोन आणून झाल्या, नियम पाठ आहेत, वाक्यं चुकतात. काय करावं?

शंखनाद | सोमवार, रात्री ९.५५

क्लास लावा. साखळीत नाहीतर म्हापशात चिकार आहेत.

रातांबा | सोमवार, रात्री १०.०२

लावला होता हो. तिथे तेच नियम परत लिहून घेतात.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.१५

रातांबा, तुमच्या लेकीचं उत्तर चुकलं ते मराठी चांगलं येतं म्हणून. हे तिला आधी सांगा, म्हणजे फुलीचा राग जाईल.

आपण मराठीत दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवतो. 'तो म्हणाला की मी येणार नाही' यातला 'मी' म्हणजे तो. ऐकणाऱ्याला कळतं, गोंधळ होत नाही. इंग्रजीत 'दॅट' आला की 'आय' म्हणजे ही गोष्ट सांगणारा माणूस. म्हणजे तुमच्या लेकीच्या वाक्याचा अर्थ झाला, 'तो म्हणाला की तुमची लेक येणार नाही.'

आता उपाय. मराठीतही अप्रत्यक्ष बोलण्याची एक तऱ्हा आहेच: "आपण येणार नाही, असं तो म्हणाला." हा 'आपण' पकडा. तिला प्रत्येक वाक्य आधी या साच्यात म्हणायला लावा. 'आपण' आला की इंग्रजीत 'ही' किंवा 'शी'. मग उरतं ते काळ एक पायरी मागे नेणं: 'विल'चं 'वुड', 'इज'चं 'वॉज', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे', 'हिअर'चं 'देअर'. हे मात्र मराठीत होत नाही, ते हातानं लिहून लिहून बसवावं लागतं. रोज पाच वाक्यं. दहा नकोत.

प्रश्नांचं उलट आहे, तिथे मराठी मदतीला येते. 'तू कुठे जातोस?' आणि 'मी कुठे जातो ते त्यानं विचारलं', दोन्हीकडे शब्दांची जागा तीच. इंग्रजीत सरळ प्रश्नात क्रियापद पुढे उडी मारतं, पण रिपोर्ट करताना ते परत आपल्या जागी बसतं: "ही आस्क्ड वेअर आय वॉज गोइंग." मुलं तिथेही 'वेअर वॉज आय गोइंग' लिहितात. आणि 'का' नं संपणारा प्रश्न दिसला, 'तू येतोस का?', की तो 'का' म्हणजे 'इफ'. "ही आस्क्ड इफ आय वॉज कमिंग."

'पॅसिव्ह'मध्ये असाच एक खड्डा आहे. मराठीच्या तासाला मुलं कर्मणी प्रयोग शिकतात: 'रामाने आंबा खाल्ला.' क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं म्हणून कर्मणी. इंग्रजीच्या तासाला कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं ऐकतात. मग 'रामाने' दिसला की 'बाय राम'! पण ते वाक्य इंग्रजीत साधं ॲक्टिव्ह आहे, "राम एट अ मँगो". इंग्रजीतल्या पॅसिव्हशी जुळणारं मराठी वाक्य म्हणजे 'आंबा खाल्ला गेला'. 'गेला' हा शब्द घालून वाक्य म्हणता आलं तर तिकडे 'वॉज ईटन'. माझ्या वर्गात मी याला 'गेला-परीक्षा' म्हणायचो. मुलं हसायची, पण विसरायची नाहीत.

रातांबा | मंगळवार, दुपारी १.२०

मास्तर, डबा खाता खाता वाचलं. 'गेला-परीक्षा' लेकीला फोनवरच सांगितली. आणखी एक विचारतो, 'सिन्स' आणि 'फॉर'. आम्हाला दोन्हीकडे 'पासून'.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी ३.०५

'पासून' काढून बघा. "ती पाच वर्षांपासून इथे राहते." 'पासून' काढला तर "ती पाच वर्षं इथे राहते", चालतं. म्हणजे 'फॉर'. "ती २०१९ पासून इथे राहते." काढला तर "ती २०१९ इथे राहते", नाही चालत. म्हणजे 'सिन्स'. क्रियापद मात्र 'इज लिव्हिंग' नको, 'हॅज बीन लिव्हिंग'. हे चुकलं की सिन्स बरोबर असूनही गुण जातो.

माटोळी | मंगळवार, रात्री ८.४८

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

मी शब्दांबद्दल लिहिते. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी सुटला यातून. त्याची वही होती, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, चारशे शब्द पाठ. निबंधात लिहिलं, "आय रिमूव्हड अ फोटो विथ माय आजी." फोटो काढला ना! त्यानं फोटो अल्बममधून बाहेर काढला असं इंग्रजी वाचणाऱ्याला वाटणार.

तेव्हा आम्ही वही फाडली नाही, उलटी केली. एक मराठी क्रियापद घ्यायचं आणि ते इंग्रजीत कुठे कुठे फुटतं ते बघायचं. 'काढणे': फोटो 'टेक', चित्र 'ड्रॉ', शर्ट 'टेक ऑफ', पैसे 'विथड्रॉ', खोडी 'टीज'. 'करणे': चूक 'मेक', गृहपाठ 'डू', स्वयंपाक नुसतं 'कुक', फोन नुसतं 'कॉल'. सगळ्यात मजा 'लागणे'ला आली. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, वेळ लागला, नोकरी लागली, डोळा लागला, फणसाला फणस लागले. एका शब्दाला इंग्रजीत सात घरं, आणि अर्ध्या ठिकाणी तर 'लागणे'ला शब्दच नाही, "आय ॲम हंग्री" म्हणून मोकळे. रविवारी दुपारी जेवताना हा खेळ चालायचा. सासूबाईसुद्धा भाग घ्यायच्या, इंग्रजी न येता. त्या मराठी वाक्यं पुरवायच्या आणि ती आमच्यापेक्षा भारी असायची.

शब्दांच्या मागे येणारे छोटे शब्दही असेच पाठ करायचे, जोडीनं. 'त्याच्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन' नाही, 'अँग्री विथ'. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' नाही, 'मॅरीड टू'. 'गणितात हुशार' म्हणून 'गुड इन' नाही, 'गुड ॲट'. आणि 'डिस्कस'च्या मागे काहीच नको, 'डिस्कस अबाउट' लिहिलं की गेला गुण.

थेट_बोल | मंगळवार, रात्री १०.३०

मला हे सगळं उलटं वाटतं. इंग्रजी शिकायचं तर मराठी डोक्यातून बाहेर ठेवायला हवी. आमच्या वाड्यावरची कॉन्व्हेंटमधली मुलं बघा, ती भाषांतर करत बसत नाहीत, सरळ बोलतात. मुलीला इंग्रजी बातम्या लावून द्या, घरात इंग्रजी बोला. 'आपण' आणि 'गेला' करत बसली तर पेपर संपायचा नाही.

खरं तर चूक पहिलीपासूनची आहे. इंग्रजी माध्यमात घातलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

शंखनाद | मंगळवार, रात्री १०.३४

झालं. आला माध्यमाचा वाद.

खाजें | मंगळवार, रात्री १०.५१

थेटबाब, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हापासून हे भांडण गोव्यातल्या प्रत्येक बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, झालेलं आहे. इथे नको. मुलगी दहावीत आहे, तिला परत पहिलीत बसवता येणार नाही.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६.०५

थेट_बोल, तुमचं अर्धं मान्य. पेपरात बसून 'आपण' करायचं नाहीच. आत्ता पाच महिने करायचं, म्हणजे तेव्हा करावं लागणार नाही. शेजारची मुलं घरात लहानपणापासून इंग्रजी ऐकत आली आहेत, त्यांच्या कानाला जे चुकीचं लागतं ते या मुलीच्या कानाला लागत नाही. तिला फरक समजायला हवा, आणि फरक कळायला दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात. घरात इंग्रजी बोला म्हणता, पण बाप 'डिड नॉट वेन्ट' म्हणत असेल तर? तेच शिकेल. (रातांबा, राग नसावा, मी सगळ्याच बापांबद्दल बोलतोय.)

बातम्या ऐकवण्याचं मात्र सोडू नका. ते चांगलं सुचवलंत.

रातांबा | बुधवार, सकाळी ७.३०

राग कसला. मी 'डिड नॉट वेन्ट' म्हणतो. काल रात्रीपर्यंत ते चूक आहे हेही माहीत नव्हतं.

कदंबची_खिडकी | बुधवार, दुपारी १२.१०

उच्चारांचं कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी. मी कॉलेजात भाषाशास्त्र शिकले, आता शिकवते.

आधी लेकीला हे सांगा की स्पेलिंग आणि उच्चार वेगळे असतात हे गोव्यातल्या पोराला शिकवायला लागत नाही. तिनं बसवर 'बी आय सी एच ओ एल आय एम' वाचून कधी 'बिचोलिम' म्हटलंय का? डिचोलीच म्हणते. साखळीच्या पाटीवर शेवटी 'एम' आहे, केपेंच्या, पेडण्याच्या पाटीवर आहे, आपण तो गिळतो. शेल्डेची सुरुवात 'एक्स'नं होते. पोर्तुगिजांनी आपल्या कानानं लिहून ठेवलं, आपण आपल्या तोंडानं वाचतो. मग 'डेट'मधला 'बी', 'रिसीट'मधला 'पी', 'आयलंड'मधला 'एस' गिळायला काय हरकत? चोडणच्या फेरीत बसून 'इसलंड' म्हणायचं का?

इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४, त्यामुळे एका अक्षराला दोन-तीन कामं पडतातच.

आता 'वॉक-एड'. इथे तुमच्या लेकीच्या हातात एक हत्यार आहे जे शेजारच्या मुलांकडे नाही: आपली वर्णमाला. पहिलीत क ख ग घ ङ पाठ केलं ना? गळ्याला दोन बोटं लावायची. 'क' म्हणताना थरथर नाही, 'ग' म्हणताना आहे. 'प' ला नाही, 'ब' ला आहे. अघोष आणि घोष. इंग्रजी क्रियापदाचा शेवटचा आवाज, आवाज हं, अक्षर नव्हे, अघोष असेल तर 'ईडी'चा 'ट' होतो: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट, लाफ्ट. घोष असेल तर 'ड': प्लेड, क्लीन्ड, लिव्ह्ड. आणि शेवटी मुळातच 'ट' किंवा 'ड' असेल तरच वेगळं अक्षर: वाँटिड, नीडिड. एवढंच. अनेकवचनाच्या 'एस'लाही तोच कायदा: कॅट्स मध्ये स, डॉग्ज मध्ये 'ज', तोही जीवनातला नव्हे, जहाजातला. बस, बॉक्स, चर्च यांना 'इज' जोडायचा.

दुसरी गोष्ट 'व्ह'. हा मराठी लिखाणानं केलेला घोळ आहे. 'व्हॅन' आणि 'व्हाइट' आपण एकाच 'व्ह'नं लिहितो, पण ते दोन वेगळे आवाज. व्हॅनला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. व्हाइटला ओठ गोल होतात, शीळ घालायच्या आधी होतात तसे, आणि दात लांब राहतात. आरसा घ्या. 'व्हॅन, वन, व्हिडिओ, विंडो, व्हेरी, वेल' असं म्हणत दात बघायचे. लेकीला दोन मिनिटांत जमेल. तुम्हाला आठवडा लागेल.

तिसरं आघात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा भाव देतो. इंग्रजीत एकाला जोर, बाकीची पुसट. मराठीत रुळलेले शब्दच इथे दगा देतात, कारण ते आपण मराठी चालीवर म्हणतो. हॉटेल, पोलीस, कमिटी, डेव्हलप, इव्हेंट: या सगळ्यांत जोर दुसऱ्या अक्षरावर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'प्रेझेंट'चंही तसंच. 'फोटोग्राफ'ला पहिल्यावर, 'फटॉग्रफर'ला दुसऱ्यावर, 'फोटोग्रॅफिक'ला तिसऱ्यावर, जोर सरकतो तसे स्वरही बदलतात. छापील शब्दकोशात जोराच्या अक्षरापूर्वी वर एक बारीक उभी रेघ असते. ती बघायची सवय लावा. मोबाइलवरच्या शब्दकोशात ऐकताही येतं.

'अ' आणि 'ॲन'चाही निर्णय कानावर सोडा. 'ॲन आवर', 'ॲन एमएलए', पण 'अ युनिव्हर्सिटी', 'अ युरोपियन टूरिस्ट'.

खाजें | बुधवार, दुपारी १२.४०

आरशासमोर उभा राहून 'व्हॅन विंडो' करत होतो. बायकोनं विचारलं डॉक्टरकडे जायचंय का.

पेडण्याची_पोर | बुधवार, सायंकाळी ६.२२

मी गेल्या वर्षीच दहावी झाले. मराठी शाळेतूनच. काकांच्या मुलीला माझ्याकडून सांगा, हसणारे हसतात, परीक्षक हसत नाहीत.

मी काय केलं: रोज इंग्रजी पेपरातली एक छोटी बातमी मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करायची आणि लगेच ऐकायची नाही. दुसऱ्या दिवशी ऐकायची. लगेच ऐकलं की सगळं बरोबर वाटतं, दुसऱ्या दिवशी आपलीच लाज वाटते. मग तीच बातमी परत. मी गोठ्यामागे जाऊन वाचायचे, तिथे फक्त म्हशी. सुरुवातीला क्रीडा पान घ्या, वाक्यं छोटी असतात आणि सगळं भूतकाळात असतं, त्यामुळे ते 'ट' आणि 'ड' आपोआप होतात.

चुकांची वही वेगळी ठेवली होती. त्यात नियम लिहायचे नाहीत, फक्त मी केलेली चूक आणि खाली बरोबर वाक्य. माझ्या चुका मोजून नऊ प्रकारच्या निघाल्या. मला वाटायचं हजार असतील.

म्हापसेकर७१ | बुधवार, रात्री ९.१५

अवांतर: पेपरावरून आठवलं. आमचे आजोबा 'ओ हेराल्डो' वाचायचे तो पोर्तुगीज. १९०० सालचा पेपर तो, १९८३ मध्ये इंग्रजी झाला तेव्हा आजोबा सत्तरीत होते. त्यांनी पेपर बंद केला नाही. रोज सकाळी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि अडलं की मला पोर्तुगीज शब्द सांगायचे. माझं इंग्रजी तिथे सुधारलं, त्यांचं किती सुधारलं देव जाणे.

रातांबा, शनिवारी पणजीला येणं झालं तर पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात लेकीला घेऊन या. १८३२ सालचं आहे ते, इमारत नवी. मुलांचा विभाग आहे. बारीक गोष्टींची पुस्तकं आहेत, दहावीच्या मुलीला लाज वाटेल, तरी तीच द्या.

रातांबा | (सात आठवड्यांनी) रविवार, रात्री ८.१०

उशीर झाला, माफी. मध्ये चवथ (गणेशचतुर्थी), मग भातकापणी.

सहामाही झाली. पॅसिव्ह सगळं बरोबर. 'सिन्स-फॉर' बरोबर. तोंडी परीक्षेत उतारा पूर्ण वाचला, मध्ये थांबली एकदाच. पेडण्याच्या ताईंना सांगतो, चुकांच्या वहीत तिच्या अकरा निघाल्या. घरी आता मला 'व्हाइट' म्हणू देत नाही. दात दिसले, दात दिसले, म्हणून ओरडते.

रिपोर्टेड स्पीचमध्ये पाचपैकी चार. पाचवं वाक्य मला समजत नाही. शिक्षक म्हणाले सूर्य पूर्वेला उगवतो. तिनं काळ मागे नेला, 'राइझेस'चं 'रोझ' केलं. मास्तरांनी सांगितलं तसंच. तरी फुली.

थेट_बोल | रविवार, रात्री ८.२५

छान प्रगती. मनापासून.

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ६.१०

ती फुली माझी. सांगायचं राहिलं. जे नेहमीच खरं असतं, सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी उताराकडे वाहतं, तिथे शाळेच्या परीक्षेत काळ मागे न्यायचा नाही, 'राइझेस' तसंच ठेवायचं. बोलणारा कालचा असला तरी सूर्य आजही उगवतो आहे. 'रोझ' लिहिणारे इंग्रज आहेत, पण पेपर तपासणारा गुण देणार नाही.

चुकांच्या वहीत बारावी म्हणून लिहायला सांगा, आणि समोर कंसात 'मास्तरांची'. बाकीच्या अकरा इथे टाकता का? नाव वगैरे नको, नुसती वाक्यं.